उलट्या जोडणीचा धनी

दौलत, टॉकीजच्या त्या दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट्या मी जोडल्या होत्या. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला ठाऊक असेल असं मला सहा वर्षं वाटलं नाही, कारण टॉकीजच्या मालकासमोर, शेटजींसमोर, मी तुझं नाव घेतलं आणि पुढे ते तसंच राहू दिलं.

हे कबूल करतो आहे म्हणून माझा तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. तू जाऊन पंधरा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही. तू हट्टी होतास, जिभेचा तिखट होतास, आणि माणसाला एकदाच काय ती शिक्षा देऊन मोकळं करणं तुझ्या स्वभावात नव्हतं. सहा वर्षं समोरच्या दुकानात बसून तू माझ्याकडे पाहत राहिलास. चारचौघांत थोबाडीत दिली असतीस तरी मी ती सोसली असती. तू नुसता पाहत बसलास.

आपली सुरुवात भंगारातून झाली. लढाई संपली आणि नागपूरच्या बाजारात लष्कराचा जुना माल यायला लागला, तेव्हा तू कापसाच्या जिनातली मिस्त्रीची नोकरी सोडलीस आणि मी कचेरीतली कारकुनी. बंद पडलेल्या फिरत्या सिनेमांचे, मोडक्या रेडिओंचे, कुठल्या कुठल्या छावण्यांतले स्पीकर आपण पोत्यात भरून हिंगणघाटला आणायचो. निम्म्यांचे कागदी कोन उंदरांनी खाल्लेले असायचे. उंदरांना स्पीकर का आवडतो, हे तूच मला सांगितलंस. कोनाच्या कडेला खळ असते, आणि खळ म्हणजे त्यांचा लाडू. मग आपण मैद्याच्या खळीत मोरचूद घालायला लागलो. वर्ध्याहून हातकागद आणायचा, फाटलेल्या जागी त्याची पातळ ठिगळं बसवायची. जळालेली कॉइल उलगडून केसासारखी तार पुन्हा गुंडाळायची. कॉइल चुंबकाच्या खाचेत बरोबर मधोमध बसावी म्हणून तिच्याभोवती टॉकीजमधल्या जुन्या फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या आणि डिंक वाळला की एकेक ओढून काढायच्या. त्या काढताना तू श्वास धरायचास. शेवटची निघाली की दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच आत दाबायचास आणि कान लावायचास. आत कुठे घासलं तर तुझ्या कपाळावर आठी यायची. नाही घासलं तर तू माझ्याकडे न पाहता म्हणायचास, “झालं. चहा सांग बे.”

तेवढंच. शाबासकी तू मला कधी दिली नाहीस.

मी मॅट्रिक होतो आणि तू चौथी. त्यामुळे माझं नाव शंकर असूनही तुझ्या तोंडी ते ‘मॅट्रिक’च राहिलं. “काय म्हनते मॅट्रिक? पुस्तकात काय लिवलं?” गिऱ्हाईक समोर असलं की मुद्दाम विचारायचास. मीही कमी नव्हतो. तू जुना कोन कधी फेकायचा नाहीस, ठिगळांवर ठिगळं लावायचास, यावरून मी तुझ्याशी दर आठवड्याला भांडायचो.

“नवा कोन बनवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट तू या चिंध्या सांधण्यात घालवतोस,” मी म्हणायचो.

“तुही बायको आजारी पडली तं नवी करतं का बे?”

“बायकोचा काय संबंध?”

“या कागदानं वीस वर्सं आवाज काढला. नव्याले काय ठावं?”

दौलत, मी आजही सांगतो, तुझं चूक होतं. ठिगळाच्या बाजूनं कोन जड होतो आणि मोठ्या आवाजाला एका अंगावर कलतो. हे तू कधी मान्य केलं नाहीस. आणि तू सांधलेल्या स्पीकरमधून माणसाचा आवाज माणसासारखा यायचा, माझ्या नव्याकोऱ्या कोनातून तो वर्तमानपत्र वाचल्यासारखा यायचा, हे मी कधी मान्य केलं नाही. वाद तसाच राहिला. आता तो एकट्यानं चालवायचा म्हणजे मला तुझीही बाजू मांडावी लागते, आणि तुझी बाजू मांडताना मी हरतो. याचाही मला राग येतो.

टॉकीजचं काम आलं तेव्हा आपण दोघंही हरखलो होतो. शेटजींनी स्पीकरांची जुनी दोन धुडं दिली, पडद्यामागे बसवायची, आणि दसऱ्याच्या दिवशी नवीन खेळ लागायचा म्हणून तोवर तयार हवीत म्हणाले. कोन आणि कॉइल सगळं तू केलंस. पेट्यांना आतून रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा, थर मी लावला. कॉइलच्या दोन टोकांपैकी कुठलं सुरुवातीचं, याची खूण तू नेहमी लाल रंगाच्या ठिपक्यानं करायचास. दोन स्पीकर शेजारी बसवले तर दोन्हींचे कोन एकाच वेळी पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे जायला लागला तर ते एकमेकांचा आवाज खातात. त्या खेपेला तुझी रंगाची डबी वाळली होती. तू घरी जाऊन सुभद्रावहिनींच्या करंड्यातलं कुंकू आणलंस, डिंकात कालवलंस आणि ठिपके दिलेस. “आतल्या तारा तेवढ्या जोडायच्या राह्यल्या,” म्हणालास, “ठिपक्यावरून जोडजो,” आणि दसऱ्यासाठी सासुरवाडीला केळझरला गेलास.

दसऱ्याच्या सकाळी मी दुकान धुतलं. अवजारांची पूजा तू कधी केली नाहीस. “अवजाराले तेल लागते, कुंकू नाई,” हे तुझं ठरलेलं. म्हणून तू नाहीस तर यंदा मी साग्रसंगीत करावी असं मनात आलं. पकड, हातोडी, डाग द्यायची सळी, सगळ्यांना गंधफूल वाहिलं. त्या दोन स्पीकरांनाही वाहिलं. ओली हळद, ओलं कुंकू, प्रत्येक खिळ्यावर, प्रत्येक टोकावर, अगदी भक्तिभावानं. हात जोडून डोळे उघडले तेव्हा समोर चारही टोकं लाल होती.

मी ओल्या फडक्यानं पुसलं. तुझा डिंकही त्याबरोबर निघाला.

साधा उपाय होता. बॅटरीचा सेल क्षणभर टोकांना लावायचा, कोन पुढे उडतो की मागे ते पाहायचं. एक मिनिटाचं काम. पण बॅटरी घरी होती, बाजार बंद होता, लोक सोनं लुटायला निघाले होते, आणि शेटजींचा माणूस बैलगाडी घेऊन दारात उभा होता. मला वाटलं, मी मॅट्रिक आहे, तारेचा वळसा पाहून मला कळेल. मी वळसा पाहिला आणि जोडलं. एक बरोबर लागलं, एक उलटं.

त्या संध्याकाळच्या खेळाला सगळे संवाद पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे आले. ढोलकीचा ठोका तर गायबच झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, “आवाज! आवाज!” म्हणून बाकं वाजवली. शेटजींचे व्याही त्या दिवशी खास आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू केळझरहून परतलास, आणि शेटजींनी आपल्या दोघांना टॉकीजच्या कचेरीत बोलावून घेतलं. तू आधी पडद्यामागे जाऊन पेटी उघडलीस. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा शांत होता. कचेरीत शेटजी, त्यांचे मुनीम आणि दारावरचे दोघं होते.

“तार उलटी लागली,” तू म्हणालास. “पाच मिनिटात सरळ करतो.”

“पण लावली कोणी?” शेटजींनी विचारलं. “माझी पाहुण्यांसमोर इज्जत गेली. लावली कोणी?”

मी हे ठरवलं नव्हतं, दौलत. एवढं तरी खरं मान. माझ्या तोंडून निघालं, “पेट्यांची आतली जोडणी दौलतची. मी फक्त आणून बसवल्या.”

तू माझ्याकडे वळून थांबलास. शेटजींनी तुझ्या डोळ्यांबद्दल, तुझ्या शिक्षणाबद्दल आणि जिनातल्या मिस्त्र्यानं आवाजाच्या कामात पडण्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. तू उभा राहिलास. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, यापुढे टॉकीजचं काम तुम्हीच पाहा, शिकलेला माणूस बरा. मी मान हलवली. मान हलवली, दौलत. जीभ घसरली असं मी म्हणू शकेन, पण मान हलवताना मला पुरता वेळ मिळाला होता.

बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी तू थांबलास.

“मी थांबलतो,” म्हणालास. “तू बोलशील म्हनून थांबलतो.”

मी म्हणालो, “घरी चल, सांगतो.”

“घरी काय सांगतं? घरी मले ठावंच आहे.”

त्याच दिवशी तू तुझी पकड आणि सळी घेऊन गेलास. बाकी सगळं माझ्याकडे टाकलंस. महिन्याभरात रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, तुझी पाटी लागली. गावात इतर जागा नव्हती का? होती. तुला समोरचीच हवी होती.

आता माझी तक्रार ऐक. तू कुणालाही खरं सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी नाकारलं असतं, आपलं रस्त्यात भांडण झालं असतं, लोकांनी निम्मं तुझं आणि निम्मं माझं धरलं असतं, आणि गोष्ट शिळी झाली असती. तू सांगितलंच नाहीस. तू ते माझ्यासाठी राखून ठेवलंस. फक्त गिऱ्हाईक माझ्या पायरीवर चढलं की पलीकडून तुझा आवाज यायचा, “त्याच्याचकडं ने बापा. मॅट्रिक आहे थो. इकडून बोललं का तिकडून भलतंच निंघते.” लोक हसायचे. त्यांना वाटायचं, दोन दुकानदारांची थट्टा चालली आहे. मीही हसायचो. मग रात्री जेवण जायचं नाही.

आणि माझ्या कमलचं लग्न. मंगलाष्टकांच्या आधी माझाच भोंगा बंद पडला. लाउडस्पीकरवाल्याच्या मुलीचं लग्न आणि भोंगा मुका! वऱ्हाडी खुसखुसायला लागले. मला स्क्रू सापडत नव्हता. तेव्हा तू आलास. मी तुला बोलावणं केलं नव्हतं, ते धाडस माझ्यात नव्हतं. तू माझ्या हातातून पकड घेतलीस, आतली तुटलेली तार शोधलीस, जोडलीस, दोनदा टिचकी मारून ऐकलंस आणि निघालास. मी तुझा हात धरला. “दौलत, जेवून जा.”

“काम करून राह्यलतो मी,” म्हणालास. “पाहुना नाई.”

वराकडच्या कुणीतरी विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हणालो, समोरचे दुकानदार.

त्या दिवशी तू मदत केलीस याबद्दल मी तुझा ऋणी आहे. आणि जेवला नाहीस याबद्दल मी तुला क्षमा करणार नाही. एक घास घेतला असतास तर मी तिथेच, त्या मांडवात, काहीतरी बोललो असतो. बोललो असतो असं वाटतं. तू म्हणशील, नसता बोलला. तुझं खरं असेल.

एकदा मी आलोही. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची पहिली संक्रांत. कागदात तिळगूळ बांधून मी तुझ्या ओट्यावर आलो. वहिनी आत होत्या. मी खालच्या आवाजात म्हणालो, “दौलत, माझ्याकडून चूक झाली. माफ कर.”

तू तिळगूळ घेतलास. तोंडात टाकलास. मग म्हणालास, “इथं काऊन सांगून राह्यला? इथं तू खोटं नाई बोलला. शेटजीच्या कचेरीत बोलला. तिथं चाल.”

“आज सण आहे. आज शेटजी भेटणार नाहीत.”

“मंग उद्या.”

“उद्या पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर तू पलीकडे पायरीवर बसलेला. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, पायांत चपला. तुझं दुकान उघडलेलं नव्हतं. मी मान खाली घालून एका स्पीकरची कड खरवडत बसलो. कड केव्हाच साफ झाली होती. एकदा वर पाहिलं, तू होतास. पुन्हा पाहिलं, होतास. अकराच्या सुमारास जिनाचा भोंगा झाला तेव्हा तू उठलास, चपला काढल्यास आणि कुलूप उघडलंस. त्यानंतर तू मला टोमणासुद्धा मारला नाहीस. ते टोमणे बरे होते, दौलत.

का आलो नाही, याची कारणं मी तेव्हा पुष्कळ जमवली होती. टॉकीजचं काम जाईल. मुलीच्या सासरी कळेल. खरं कारण एवढंच होतं की शेटजी मला शिकलेला माणूस म्हणायचे, आणि ते ऐकायची मला सवय लागली होती.

मग तुला कावीळ झाली. आठ दिवस तुझं दार बंद होतं. मी रोज ठरवायचो, आज जाऊ. रस्ता ओलांडायचा, गल्लीत वळायचं, चौथं घर. बाजाराच्या दिवशी नक्की जाऊ म्हटलं, आणि तू बाजाराच्या आदल्या दिवशी गेलास. हासुद्धा तुझा हट्टच. एक दिवस थांबायला काय झालं होतं?

वणा नदीच्या घाटावर तुला नेलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. तिथेही मी स्वतःला सांगितलं, शेटजी आलेले नाहीत, आता बोलून उपयोग काय! बघ, तू मला सोपं काही ठेवलंच नव्हतंस, पण त्यातूनही मी पळवाट काढली.

चार दिवसांनी सुभद्रावहिनी माझ्या दुकानाच्या पायरीशी आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. वर चढल्या नाहीत.

“तेरवीले येजा भाऊजी,” म्हणाल्या.

“येतो.”

“शेटजीलेबी सांगतलं. ते येतो म्हनले.” आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला कळलं, त्यांना ठाऊक आहे. तू सांगितलं होतंस की त्यांनी ओळखलं होतं, हे मी विचारू शकलो नाही.

तेराव्या दिवशी, तेरवीला, तुझ्या अंगणात दोन पंगती बसल्या. मला नेमकं शेटजींच्या शेजारचं पान मिळालं. ते योगायोगानं मिळालं की वहिनींनी बसवलं, देव जाणे. शेटजी मनानं वाईट नाहीत. गेलेल्या माणसाची आठवण काढावी म्हणून त्यांनी पलीकडच्या गृहस्थांशी बोलणं काढलं.

“माणूस कारागीर होता. हात सोन्याचा. पण एक दसऱ्याला अशी काही तार जोडली की भरल्या टॉकीजमध्ये माझी फजिती केली. चूक त्याची, आणि अकड एवढी की माफी मागायलाही आला नाही कधी.” मग माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, “हे होते ना तिथे. सांगा यांना.”

वहिनी वरणाचं भांडं घेऊन माझ्या पानासमोर आल्या होत्या. पळी भरलेली होती. त्यांनी वरण वाढलं नाही. थांबल्या. त्या कचेरीत तू जसा थांबला होतास, तशाच थांबल्या.

मी उठलो. भरल्या पानावरून उठणारा माणूस पाहून बोलणी बंद झाली.  मी खालच्या आवाजात म्हणालो, “शेटजी, ते काम दौलतनं चुकवलं नव्हतं. मी चुकवलं होतं.”

शेटजींना आधी कळलंच नाही. मग ते कसंनुसं हसले. “बसा, बसा. जेवताना उठू नये. गेलेल्याचं आपण मोठेपणानं अंगावर घेता, ते ठीक आहे, पण...”

“मोठेपणा नाही, शेटजी.”

“अहो, झालं ते झालं. कशाला आता? बसा.”

तेव्हा वहिनी बोलल्या. शेटजींसमोर त्यांचा आवाज याआधी कुणी ऐकला नसेल.

“उठले तं बोलू द्या त्याईले,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, पळी तशीच भरलेली धरून, “आन् मोठ्यानं बोला भाऊजी. मागच्या पंगतीले ऐकू नाई गेलं.”

मागच्या पंगतीत तुझे जिनातले जुने सोबती होते, केळझरचे तुझे मेहुणे होते, दारावरचे ते दोघंही होते. सगळे हात थांबवून बसले होते. मी हात जोडले. भिंतीवर तुझा फोटो होता, पण मी तिकडे वळलो नाही. मी शेटजींकडे तोंड केलं, कारण तू तेच मागितलं होतंस, आणि लहानपणापासून जी बोली बोलत आलो तिच्यात, मागच्या भिंतीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणालो,

“दसऱ्याच्या दिवशी पेट्या म्या जोडल्या. उलट्याबी म्याच जोडल्या. कचेरीत तुमच्यासमोर दौलतचं नाव घेतलं, ते खोटं घेतलं. थो जित्ता होता तवर कबूल होयाची माही हिंमत झाली नाई. दौलत, तुह्या नावाले म्या बट्टा लावला. माफ करजो.”